दर रविवारी बाबा

"बाबा, आज आईने मला मारलं," भिंगरीने तक्रार केली.

फोन जेवणाच्या टेबलावर उताणा ठेवला होता आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल इतका त्याचा आवाज वाढवलेला होता. टेबलाच्या एका बाजूला भिंगरी खुर्चीवर गुडघे टेकून उभी होती, समोर आजी खुर्ची पुढे ओढून बसली होती, आणि मारणारी आई ओट्याकडे तोंड करून बटाटे सोलत होती.

"कुठे मारलं?" फोनमधून बाबाने विचारलं.

"पाठीत."

"पाठीतच ना? मग चालेल. डोक्यात मारलं असतं तर पाठ केलेले पाढे सांडले असते."

भिंगरी खिदळली. आजीही हसली आणि हसता हसता तिने रुमालाने डोळे टिपले. आईच्या हातातला बटाटा गरजेपेक्षा बराच बारीक झाला.

बाबा हिवाळ्यात वारला होता.

तो लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत मेकॅनिक होता. एका नव्या इमारतीत, लिफ्ट जिथे यायची होती त्या उभ्या पोकळीत, त्याच्या पायाखालची फळी निसटली. पुढे त्या इमारतीत लिफ्ट बसली. चांगली चालते म्हणतात.

वारल्यानंतर माणसं सहसा फोन करत नाहीत. बाबाच्या बाबतीत वेगळं घडलं याला एक चूक कारणीभूत होती, आणि ती घरातल्या सगळ्यात निरुपद्रवी माणसाच्या हातून झाली होती. म्हणजे धाकट्याच्या.

धाकटा हा बाबाचा पाठचा भाऊ. चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत बसून काचा घासायचा. लग्न झालं नव्हतं आणि होईल अशी लक्षणंही नव्हती. उंची, रंग, चार माणसांत बोलायची हुशारी, सगळं थोरल्याच्या वाट्याला गेलं होतं. धाकट्याला फक्त आवाज मिळाला, आणि तोही थोरल्याचाच. फोनवर दोघांमधला फरक त्यांच्या सख्ख्या आईला कळत नसे. लग्न नवीन असताना सुनेने, म्हणजे भिंगरीच्या आईने, एकदा फोनवर धाकट्याला नवरा समजून बरंच काही ऐकवलं होतं. बायको नवऱ्यालाच ऐकवते तसलं. धाकट्याने ते सगळं निमूटपणे ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "वहिनी, दादा अंघोळीला गेलाय. काही निरोप?" या निरोपावर घर कितीतरी दिवस हसलं होतं.

त्या हिवाळ्यात मात्र घर माणसांनी भरलेलं होतं. भिंगरीने विचारलं, बाबा कुठाय, आणि वरच्या मजल्यावरच्या काकू पटकन म्हणाल्या, "बाबा ना, कामाला गेलाय. खूप लांब." काकूंनी हे ठरवून सांगितलं नव्हतं. लहान पोर समोर उभं राहिलं की मोठी माणसं तोंडाला येईल ते बोलतात, आणि नंतर ते निस्तरायला दुसऱ्यांना लागतं. कामासाठी बाबाला परगावी जावं लागतच असे, म्हणून भिंगरीलाही ते पटलं.

दादाची हत्यारांची पिशवी आणायला धाकटा कंपनीत गेला होता. तिथून त्याने घरी फोन लावला, येताना काही आणायचं आहे का विचारायला. फोन भिंगरीने उचलला.

"हॅलो," धाकटा म्हणाला.

"बाबा?"

पिशवी मांडीवर घेऊन धाकटा बाकावर बसलेला होता. "नाही" म्हणणं काही अवघड नव्हतं. दुकानात, काचा झाल्या का विचारणाऱ्या मालकाला, तो दिवसभर "नाही" म्हणायचा. पण तो म्हणाला, "हो."

घरी आल्यावर त्याने घडलेलं सांगितलं आणि मान खाली घालून उभा राहिला. बोलणी खायची त्याला सवय होती. सासूबाईंनी, म्हणजे भिंगरीच्या आजीने, ती पिशवी त्याच्या हातातून घेऊन कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाल्या, "बरं सुचलं तुला. जन्मात पहिल्यांदा."

अशा रीतीने घराचं धोरण ठरलं. सुनेला कुणी विचारलं नाही. ती आत पडून होती आणि तिच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. अशा अवस्थेतल्या माणसाचं मत घेत नाहीत.

उठून बसता येऊ लागल्यावर तिने मत द्यायचा प्रयत्न केला.

"आई, पोरीला सांगायला हवं."

"सांगू की. मोठी झाली की सांगू."

"किती मोठी?"

"समजण्याइतकी."

"आणि समजायला लागल्यावर विचारलं, इतके दिवस फोन कोण करत होतं, तर?"

"समजायला लागली की विचारणार नाही," सासूबाई म्हणाल्या. "तू तरी सगळं विचारतेस का?"

सुनेने पर्स खांद्याला लावली. तिला कामावर जायचं होतं.

तिचं कामही फोनवरचंच होतं. गिझर बनवणाऱ्या एका कंपनीत ती तक्रारी ऐकत असे. एका लांबलचक खोलीत ओळीने टेबलं होती, आणि प्रत्येक टेबलावर एक छोटा चौकोनी आरसा चिकटवलेला होता. बोलताना त्यात पाहून हसायचं, कारण हसू आवाजात उतरतं आणि गार पाण्याने अंघोळ करून चिडलेल्या माणसाला बरं वाटतं, असं कंपनीचं मत होतं. रजेवरून परतल्यावर थोड्याच दिवसांत सुपरवायझर बाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

"बसा. कशा आहात?"

"ठीक."

"तुमचं फार वाईट झालं हो. आम्ही सगळे तुमच्या बाजूने आहोत. एका गिऱ्हाइकाने तक्रार केलीय."

"काय?"

"म्हणाला, गिझर बंद पडला म्हणून फोन केला, तर तुमच्या बाई अशा काही बोलल्या की शेवटी मलाच त्यांची समजूत घालावी लागली."

सुपरवायझर बाई पुढे झुकल्या.

"आरसा वापरता ना?"

"वापरते."

"ओठांचे कोपरे वर. तेवढं पुरतं. डोळ्यांचं नंतर बघू," सुपरवायझर बाई म्हणाल्या आणि खरोखरच आपुलकीने तिच्या खांद्यावर थोपटलं. पुढे ती ओठांचे कोपरे वर करून बोलू लागली. गिऱ्हाइकं खूश झाली. एकाने तर तिच्या सहानुभूतीची खास स्तुती केली.

आठवडाभर ती असं आवाजात हसून घरी येई, आणि आठवड्याच्या शेवटी तिच्या घरात दुसरा आवाज बोलायला लागे.

रविवारी संध्याकाळी धाकटा "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून उठे. बाहेरचा जिना चढून वरच्या वळणावर दादाचा फोन घेऊन बसे. थोड्या वेळाने टेबलावरचा फोन वाजे. एकदा "हो" म्हटल्यावर त्याला मागे फिरता आलं नाही ते नाहीच. पहिल्या काही रविवारी तो अडखळला. पण मग त्याला सापडत गेलं. दादाचे विनोद त्याला पाठ होते, आयुष्यभर त्याने दुसरं ऐकलंच काय होतं. दादाचे संपले तेव्हा तो स्वतःचे करू लागला, आणि ते दादापेक्षा बरे होते. घरात ज्याला चार वाक्यं धड बोलता येत नसत, तो जिन्यात बसून वारलेल्या माणसाच्या तोंडून असा काही खुले की खाली सगळ्यांना हसू आवरत नसे.

लवकरच सासूबाईही बोलू लागल्या. आधी नातीला बरं वाटावं म्हणून, मग नात बाजूला राहिली.

"जेवलास का रे?"

"जेवलो, आई."

"गरम घालत जा अंगात. तिकडे थंडी असेल."

"घालतो."

"तुझ्याशिवाय मला घर खायला उठतं रे, राजा."

 मग, "येईन ना, आई."

फोन ठेवला की सासूबाई काही वेळ टेबलाच्या कडेवरून हात फिरवत बसत. इतक्यात दार ढकलून धाकटा आत येई.

"दार लाव आधी. सगळी हवा आत येते. कुठे उंडारत होतास?"

"इथेच. जिन्यात."

"एवढा मोठा घोडा झाला, जिन्यात बसतो," सासूबाई म्हणत. आणि मनापासून म्हणत. राजा कोण आणि घोडा कोण, यात त्यांचा कधी घोटाळा झाला नाही.

सुनेने फोन एकदाही हातात घेतला नाही. "आईला दे" असं फोनमधून कधी कुणी म्हटलंही नाही, तेवढी अक्कल धाकट्याला होती. फोन वाजला की ती ओट्याशी काहीतरी काम काढे, नाहीतर न्हाणीघरात जाऊन नळ सोडून कपडे धुवायला बसे. पाण्याच्या आवाजात बाहेरचं ऐकू येत नाही. एका रविवारी मात्र आपण नळ अगदी बारीक सोडलाय आणि हात थांबलेत, हे तिच्या लक्षात आलं. पाण्याची धार दोऱ्याएवढी होती आणि दाराबाहेर तिचा नवरा बोलत होता. तिने नळ पूर्ण उघडला आणि धुतलेला शर्ट पुन्हा धुवून काढला.

दिराशी ती आता फारसं बोलत नसे. तो घरात असला की त्याच्याकडे बघायचंही टाळी. जेवताना त्याच्या ताटात वाढायची, पण ताटाच्या वर नजर नेत नसे. धाकट्याने हे ओळखलं आणि घरात तो आणखी कमी बोलू लागला. त्यामुळे त्याचं सगळं बोलणं रविवारसाठी शिल्लक राही.

पोर मात्र छान होती. बाबा गेल्यावर कोमेजून जाईल म्हणून ज्यांनी धसका घेतला होता त्यांना ती धष्टपुष्ट दिसत होती. रागावणं, अभ्यासाला बसवणं, केस ओढून विंचरणं या गोष्टी आईकडे होत्या. बाबाकडे फक्त विनोद. जिवंत बाप असला की त्याला मधूनमधून घोरावं लागतं, ओरडावं लागतं, खेळण्यावर पाय देऊन ते मोडावं लागतं. या बापाच्या हातून काहीच मोडत नव्हतं. "बाबाला सांगेन हं," अशी धमकी भिंगरी आता दिवसातून कितीदाही देई, आणि आईचा उगारलेला हात खाली येई.

मग एका रविवारी धाकटा बोलण्याच्या भरात वाहवला. "सुट्टी लागली की येतो," तो म्हणाला.

खाली टेबलाशी भिंगरीने टाळ्या वाजवल्या. ओट्याशी सुरी खाली पडली. त्या दिवशी तो आत आला तेव्हा सून दारातच उभी होती.

"भाऊजी, कोण येणार आहे सुट्टीत?"

धाकटा चपला काढत राहिला. एकाच पायातली पुन्हा पुन्हा काढत होता.

"वहिनी, तोंडातून गेलं."

"तोंडातून गेलं," ती म्हणाली. "आता सांगा तिला. तुम्ही सुरू केलंत, तुम्हीच सांगा."

"मी कसं सांगू? म्हणजे कोण म्हणून सांगू?"

हा प्रश्न वाटतो तितका मूर्खपणाचा नव्हता. तोवर सासूबाई मध्ये पडल्या. "कशाला डोक्याला ताप करून घेता? काम लांबलं म्हणून सांगायचं. लिफ्टची कामं लांबतातच."

सुट्टी लागली. काम लांबलं. जिन्याच्या वळणावरून तसं कळवण्यात आलं. भिंगरी रडली नाही. ती आईकडे पाहत राहिली, आणि ते पाहणं चांगलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई कामावर निघायच्या घाईत होती. सासूबाई देवळात गेल्या होत्या आणि भिंगरीला वरच्या काकूंकडे सोडायचं होतं. ती खुर्चीवर बसलेल्या भिंगरीच्या बुटांच्या नाड्या बांधत जमिनीवर बसली होती.

"तूच त्याला येऊ देत नाहीस," भिंगरी तिच्या डोक्यावरून म्हणाली.

"काय?"

"मला माहितीय. तू त्याच्याशी बोलतच नाहीस. फोन आला की तू आत जातेस. सगळे बोलतात, तूच नाही. तू भांडलीस त्याच्याशी. म्हणून तो येत नाही."

"पाय नीट ठेव."

"तू वाईट आहेस म्हणून तो येत नाही."

आईने गाठ मारली. घट्ट मारली. मग आरशासमोर बोलल्यासारखी, ओठांचे कोपरे जिथे सवयीने जातात तिथेच ठेवून, ती म्हणाली, "बाबा मेला."

अशा गोष्टी मुलांना जवळ घेऊन, हळूहळू, तारे आणि ढग मध्ये आणून सांगायच्या असतात. हे तिला ठाऊक होतं. पण तिने दुसरा बूट ओढून घेतला.

"हिवाळ्यात मेला. कामावर पडला आणि मेला. तो येत नाही, कारण मेलेली माणसं येत नाहीत. दुसरा पाय दे."

भिंगरीने दुसरा पाय दिला.

"मग फोनवर कोण असतं?"

"काका."

भिंगरी विचार करू लागली. विचार करताना तिची जीभ पडलेल्या दाताच्या जागी जाई.

"काकाला माहितीय? बाबा मेला ते?"

"हो."

"आजीला?"

"हो."

"टीचरना?"

"हो."

"वरच्या काकूंना?"

"हो. सगळ्यांना माहितीय."

"मलाच नाही," भिंगरी म्हणाली.

आईला वाटलं, आता ती रडेल, मग आपण तिला जवळ घेऊ, आणि जे आधी व्हायचं होतं ते निदान आता होईल. तिने हात पुढेही केले. भिंगरी त्यांच्यातून सहज वाट काढून खुर्चीवरून उतरली, दप्तर नसलेल्या पाठीवर दप्तर सारखं केल्यासारखे खांदे हलवले आणि जिन्याकडे निघाली. "नाडी घट्ट झालीय," एवढंच म्हणाली.

तो आठवडा भिंगरीने कुणालाच काही म्हटलं नाही. जेवली, झोपली, काकूंकडे जाऊन चित्रं रंगवली. बाबाला सांगेन, ही धमकी मात्र बंद झाली, आणि त्यामुळे आईला इतकं ओकंबोकं वाटलं की एकदा तिने विनाकारण हात उगारून पाहिला. भिंगरी मार खायला शांतपणे उभी राहिली. हात आपोआप खाली आला. पोरीला सांगितलं, हे तिने सासूबाईंना सांगितलं नाही. आता सांगायची पाळी पोरीची होती.

रविवारी धाकटा पाय मोकळे करायला गेला. फोन वाजला. सासूबाईंनी खुर्ची ओढली. सून ओट्याशी होती, पण या वेळी तिची पाठ ओट्याकडे होती.

भिंगरीने फोन उचलला, आवाज मोठा केला आणि टेबलावर उताणा ठेवला.

"काय म्हणतेय आमची भिंगरी?"

"बाबा, तू पडलास तेव्हा दुखलं का?"

सासूबाईंच्या तोंडातून एक बारीक आवाज आला. त्यांनी फोनकडे हात नेला. सुनेने तो हात मनगटाशी धरला आणि टेबलावर दाबून ठेवला. इतक्या वर्षांत तिने सासूला पहिल्यांदाच असा हात लावला होता.

फोन बंद करणं धाकट्याच्या हातात होतं. त्याने तो बंद केला नाही.

"नाही," तो आवाज म्हणाला. "दुखलं नाही."

"तिथे अंधार होता?"

"थोडा."

"घाबरलास?"

 जिन्यात कुणाच्या तरी दाराची कडी वाजली. ती फोनमधूनही वाजली आणि बाहेरूनही.

"हो. घाबरलो."

"मग कुणाला हाक मारलीस?"

आता सासूबाईंचा हात धडपडत नव्हता. त्या पुढे वाकल्या होत्या. सूनही वाकली होती. टेबलाच्या दोन बाजूंनी दोघी बायका त्या काळ्या चौकोनी तुकड्यावर ओणवल्या होत्या, आणि एकमेकींचा श्वास एकमेकींना लागत होता. भिंगरी दोघींकडे आळीपाळीने पाहत होती. आज पहिल्यांदा तिच्या घरातली मोठी माणसं खरोखर काहीतरी ऐकत होती.

"सांग ना. कुणाला?"

"मला माहीत नाही गं, भिंगरे," आवाज म्हणाला. तो आवाज तसाच होता, पण आता त्यातून दुसरं कुणीतरी बोलत होतं. "मी तिथे नव्हतो."

सासूबाईंनी डोळे मिटले. सुनेने त्यांचा हात सोडला.

"बरं," भिंगरी म्हणाली. "ये खाली. जेवायचंय."

तिने फोन बंद केला आणि टेबलावरून उचलून फळीवर ठेवला. मग ती ताटं मांडू लागली. तिच्या हातून एक ताट पडलं, त्याचा मोठा आवाज झाला, आणि त्या आवाजाने जसं काही कुणी परवानगीच दिली, तशी ती ताटाशेजारी खाली बसली आणि तोंड उघडं टाकून रडू लागली. आई तिच्याजवळ जाऊन बसली. या वेळी हातांतून निसटून जायला भिंगरीने वाट शोधली नाही. पण रडताना ती आईला मारत होती, मुठीने, पाठीत.

दार ढकललं गेलं. धाकटा आत आला. कुणी त्याला दार लावायला सांगितलं नाही. त्याने ते स्वतःच लावलं आणि लावूनही कितीतरी वेळ कडीला हात लावून उभा राहिला.

सगळे जेवायला बसले तेव्हा भाजी गार झाली होती. सासूबाई ताटात बोट फिरवत होत्या. एकदा त्यांनी धाकट्याकडे पाहिलं, पोटचा पोरगा आपल्याला फसवून दुसऱ्याचं काही घेऊन गेला असावा तसं, आणि परत ताटाकडे पाहिलं. भिंगरीला उचक्या येत होत्या. धाकटा खाली मान घालून घास गिळत होता. एक घास अडकला. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि तांब्याकडे बोट दाखवलं.

"काय हवंय, भाऊजी?" वहिनीने विचारलं.

त्याने पुन्हा बोट दाखवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, अडकलेल्या घासामुळेही असेल.

"तोंडाने सांगा."

टेबलाशी कुणाचाही हात हलत नव्हता. भिंगरीची उचकीसुद्धा थांबली.

"पाणी," धाकटा म्हणाला.

खोलीभर तोच आवाज पसरला, जसाच्या तसा. वहिनी जागची हलली नाही. तो पूर्ण विरेपर्यंत थांबली, मग पेला काठोकाठ भरला, त्याच्यापुढे ठेवला, आणि आवाज जिथून आला होता त्या तोंडाकडे नीट पाहिलं. ते दिराचं होतं.